डोळे मिटूनही दिसणारे मैदान : क्रिकेट समालोचनाविषयी वाचकांचे प्रश्न

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हापासून या सदराकडे क्रिकेटविषयीची पत्रे वाढली आहेत. स्मृती मानधना माधवनगरात लहानाची मोठी झाली, त्यामुळे या विजयात आपलाही थोडा वाटा आहे असे सांगलीकरांना वाटले तर ते साहजिक आहे. मात्र आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे खेळ आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्या आवाजांविषयी आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. सांगली-मिरजेच्या मैदानांवर मी अनेक वर्षे गुणलेखन केले. म्हणजे माइकच्या शेजारच्या खुर्चीवर बसून, हातात पेन्सिल घेऊन, समालोचकाचे प्रत्येक वाक्य ऐकले. पुढील उत्तरे त्या खुर्चीवरून दिलेली आहेत.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेच्या संघाकडून खेळले, पण जिल्हा संघापर्यंत पोहोचले नाही. मला समालोचक व्हायचे आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातील एका स्पर्धेत मी माइक मागितला, तेव्हा ‘बक्षीस समारंभाचे सूत्रसंचालन तू कर, मॅचचे आम्ही बघतो,’ असे संयोजकांनी सांगितले. चांगल्या समालोचकात नेमके काय असावे लागते? आणि मोठ्या पातळीवर न खेळलेल्या मुलीने या वाटेला जावे का?
— एक विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते, कारण दुसऱ्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त संगीतशिक्षक राहत असत. त्यांना लहानपणापासून दिसत नव्हते. क्रिकेटचे वेड मात्र असे, की कसोटीच्या पाच दिवसांत रेडिओ त्यांच्या मांडीवरून खाली उतरत नसे. एका रविवारी ते माझ्यासोबत मैदानावर आले आणि गुणलेखकांच्या टेबलामागे खुर्ची टाकून बसले. माइकवरचे गृहस्थ हौशी आणि मनमिळाऊ होते, आवाजही खणखणीत होता. पण त्यांचे बोलणे बहुतेक ‘काय फटका आहे, वा, काय फटका आहे’ याच वळणाचे होते. दुसऱ्या षटकात सरांनी मला हळूच विचारले, “फटका गेला कोणत्या बाजूला?” थोड्या वेळाने, “गोलंदाज डावखुरा आहे का?” मग, “धावा किती झाल्या, ते कधी सांगणार?” मग, “टाळ्या झाडाखालून आल्या, म्हणजे चौकार तिकडे गेला ना?” आठ षटकांत त्यांनी मला अकरा प्रश्न विचारले आणि मी ते गुणवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. ते पान अजून माझ्याकडे आहे. समालोचनाचा याहून चांगला अभ्यासक्रम मला कुठे सापडलेला नाही.

त्या अकरा प्रश्नांत विक्रमाचा किंवा सरासरीचा एकही प्रश्न नव्हता. त्यांना हवे होते ते मैदान : गोलंदाज कोणत्या टोकाकडून येतो, क्षेत्ररक्षक कुठे उभे आहेत, चेंडू कुठे पडला, फलंदाजाचा पाय पुढे गेला की मागे, चेंडू कोणत्या दिशेने गेला, आणि धावफलक काय म्हणतो. चांगला समालोचक यातील अर्धे काम चेंडू पडण्यापूर्वीच करून ठेवतो. “पाण्याच्या टाकीकडून डावखुरा मध्यमगती गोलंदाज धावत येतोय, एकच स्लिप आहे, कव्हर मोकळा आहे,” एवढे सांगून झाले असेल, तर पुढे “ऑफ स्टंपबाहेर आखूड चेंडू, मागच्या पायावर जाऊन पॉइंटच्या बाजूने कट, एक धाव, तीन बाद ४७,” हे सहज कानात उतरते. वेगवान गोलंदाजाचा चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. तेवढ्या वेळात चित्र रंगवता येत नाही. कागद आधीच मांडलेला असावा लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. कसोटीच्या एका दिवसात ९० षटके, म्हणजे ५४० चेंडू टाकले जातात. प्रत्येक चेंडूच्या खेळाला दहा सेकंद धरले, तरी सगळे मिळून दीड तास होतो, आणि खेळाचा दिवस असतो सहा तासांचा. उरलेल्या साडेचार तासांत काय बोलायचे आणि किती बोलायचे नाही, यावर समालोचकाची पारख होते. तिथे तयारी कामाला येते : खेळपट्टी सकाळी कशी दिसत होती, हा फलंदाज गेल्या सामन्यात कसा बाद झाला होता, नवा चेंडू किती षटकांवर आहे, वारा कोणत्या बाजूने वाहतो. शंभर गोष्टी वहीत लिहून न्याव्यात आणि त्यांतल्या पंधरा सांगाव्यात. ज्याने जेमतेम पंधराच नेलेल्या असतात, तो चहापानानंतर त्याच पुन्हा सांगू लागतो, आणि श्रोत्याला ते लगेच कळते.

या कामासाठी आपल्याकडे एक फार चांगली शाळा आहे, तिच्याकडे समालोचक होऊ पाहणाऱ्यांचे लक्ष जात नाही, म्हणून मुद्दाम सांगते. सांगली आणि साताऱ्याकडच्या जत्रांतील कुस्त्यांच्या मैदानाला जा आणि तिथला निवेदक ऐका. जोडीतील पैलवान कोणत्या गावचा, कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, याआधी त्याने कोणती कुस्ती मारली, हे सारे त्याला तोंडपाठ असते, आणि ते तो कुस्ती लागण्यापूर्वी, पैलवान फडात फिरत असताना सांगून मोकळा होतो. ढाक किंवा घिस्सा लागला, की डावाचे नाव घेतो आणि थांबतो. पुढचे काम हलगी करते. क्रिकेटच्या मैदानावर हलगीच्या जागी प्रेक्षकांचा आवाज असतो. बॅटवर चेंडू बसल्याचा टणत्कार, यष्टिरक्षकाची हाक, टाळ्यांची लाट यांना वाट करून देणे, हेही समालोचनच आहे.

आता दुसरा प्रश्न. समालोचन कक्षात मुख्यतः दोन खुर्च्या असतात. एकीवर बसणारा काय घडले ते सांगतो आणि दुसरीवर बसणारा ते का घडले ते उलगडतो. दुसऱ्या खुर्चीसाठी मोठ्या पातळीवरचा अनुभव उपयोगी पडतो, कारण ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू अंगावर येतो तेव्हा काय होते, हे तो खेळलेल्यालाच नीट सांगता येते. पहिल्या खुर्चीला मात्र नजर, भाषा आणि शिस्त लागते. हर्षा भोगले रणजी सामनासुद्धा न खेळता जगभर ऐकले गेले. बीबीसीच्या कसोटी समालोचनात नियमितपणे चेंडू-चेंडूचे वर्णन करणारी पहिली स्त्री ठरलेली अ‍ॅलिसन मिचेल आंतरराष्ट्रीय खेळाडू नव्हती. दक्षिण आफ्रिकेची नताली जर्मानोस हिनेही वर्णनाच्याच बळावर विश्वचषक स्पर्धांपर्यंत मजल मारली. बार्बाडोसची डॉना सिमन्ड्स तर व्यवसायाने वकील. १९९८ साली इंग्लंडचा संघ वेस्ट इंडीजमध्ये गेला होता, तेव्हा तिने बीबीसीवरून कसोटीचे वर्णन केले.

आपल्याकडे स्त्रियांसाठी आधी उघडली ती विश्लेषणाची खुर्ची, आणि ती माजी कर्णधारांनी उघडली. अंजुम चोप्रा अनेक वर्षे हे काम करीत आहे, पुढे मिताली राज त्यात आली. २०१५ च्या आयपीएलमध्ये अंजुम, इंग्लंडची ईसा गुहा आणि ऑस्ट्रेलियाच्या मेल जोन्स व लिसा स्थळेकर अशा चौघी समालोचन कक्षात बसल्या. त्या स्पर्धेत स्त्रियांनी समालोचन करण्याची ती पहिलीच वेळ होती. यातील लिसाचा जन्म आपल्या पुण्याचा. या चौघीही आपापल्या देशाकडून खेळलेल्या आहेत. पुरुषाला न खेळता वर्णनाच्या खुर्चीवर बसता येते आणि स्त्रीला मात्र आधी देशाची टोपी दाखवावी लागते, असे वर्षानुवर्षे चालत आले. तुमच्या मनात जी शंका आली आहे ती तिथून आलेली आहे. तिचा तुमच्या कुवतीशी काही संबंध नाही.

बक्षीस समारंभाविषयी. माझ्या उमेदीच्या काळात एका अंतिम सामन्याला ठरलेले समालोचक वेळेवर आले नाहीत, म्हणून संयोजकांनी माइक माझ्यापुढे सरकवला. मी चार षटके बोलले. पाचव्या षटकाच्या सुरुवातीला एक पाहुणे व्यासपीठावर आले, त्यांनी संयोजकांच्या कानात काही सांगितले आणि माइक माझ्यापुढून उचलला गेला. “बाईंना स्कोअर लिहू द्या,” असे कोणीतरी म्हणाले. मी त्या दिवशी काहीच बोलले नाही, आणि न बोलल्याची खंत आजही वाटते. तुम्ही बोला. पण वाद घालण्याऐवजी नेमकी गोष्ट मागा. सकाळी आठ वाजताचे चौदा वर्षांखालील मुलामुलींचे सामने, ज्यांना प्रेक्षक म्हणून पालक तेवढे असतात, त्यांचे समालोचन करायला सहसा कोणी तयार नसते, ते मागा. दोन्ही संघांची नावे आदल्या रात्री पाठ करा आणि तिथे पूर्ण २० षटके बोला. समारंभाचे सूत्रसंचालन करायला हरकत नाही, मात्र ते सामन्याच्या बदल्यात स्वीकारू नका.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा असून लहानपणापासून रेडिओवर क्रिकेट ऐकत आलो आहे. हल्ली टीव्ही लावला, की तिघे-चौघे एकाच वेळी बोलत असतात आणि कान किटतात. मी बऱ्याचदा आवाज बंद करून सामना पाहतो. समालोचनाचा दर्जा खरोखर घसरला आहे, की हा माझ्या वयाचा दोष आहे?
— एक निवृत्त शिक्षक, विटा

उत्तर : सर, हा वयाचा दोष नाही. मात्र सगळा दोष समालोचकांचाही नाही, हेही मान्य करावे लागेल.

रेडिओ आणि टीव्ही ही दोन वेगळी कामे आहेत. रेडिओवर समालोचक गप्प बसला, तर सामना थांबतो. टीव्हीवर तो गप्प बसला, तर सामना दिसत राहतो. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार रिची बेनो यांनी टीव्ही समालोचनात हा फरक इतका काटेकोरपणे पाळला, की पडद्यावर जे दिसते आहे त्यात भर घालता येत नसेल तर ते बोलतच नसत. त्यांच्यानंतर अनेकांनी त्यांच्या आवाजाची नक्कल केली, पण त्यांच्या मौनाची नक्कल फार थोड्यांना जमली. आज टीव्हीवर रेडिओसारखे अखंड बोलले जाते, आणि त्यात रेडिओवरचे वर्णन मात्र नसते. त्यामुळे दोन्हींकडून नुकसान होते. षटक संपते न संपते तोच जाहिरात, जाहिरातीनंतर प्रायोजकाचे नाव, मग मागच्या चेंडूवरच्या गप्पा, आणि त्या गप्पांत पुढचा चेंडू टाकून झालेला असतो. कक्षात तिघे बसवले, की प्रत्येकाला काहीतरी बोलावेच लागते.

आपल्या पिढीला बाळ ज. पंडित यांचा आवाज आठवत असेल. स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेल्या या माणसाने रेडिओवरचे क्रिकेट समालोचन मराठीत रुजवले आणि त्रिफळा, पायचीत, यष्टिचीत, निर्धाव षटक हे शब्द घराघरांतल्या बोलण्यात आणून सोडले. ज्यांच्या घरी कधी क्रिकेटची बॅट आली नाही, अशा आज्यासुद्धा ‘पायचीत झाला वाटतं’ म्हणत. हे काम पडद्याने केलेले नाही, ते शब्दांनी केलेले आहे.

शब्दांचे मोल जाणवते ते चित्र नसते तेव्हा. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे झिम्बाब्वेविरुद्ध भारताचे ५ गडी अवघ्या १७ धावांत बाद झाल्यावर कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा केल्या, आणि त्या खेळीचे चित्रीकरणच झाले नाही. आज ती खेळी आपल्यापाशी आहे ती पाहणाऱ्यांच्या सांगण्यातून आणि लिहिण्यातून. त्याहून मागे जायचे, तर सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेड कसोटीत दोन्ही डावांत शतके ठोकली, ११६ आणि १४५. तोपर्यंत कोणत्याही भारतीयाने कसोटीच्या दोन्ही डावांत शतक केले नव्हते. ज्या गावाने हा खेळाडू दिला, त्या गावाला त्या दोन्ही खेळी केवळ शब्दांतून कळल्या.

मराठी समालोचन पुन्हा सुरू झाले आहे, हे मात्र चांगले झाले. २०२३ च्या आयपीएलचे मोबाइलवरून जे प्रक्षेपण झाले, त्यात बारा भाषांमध्ये मराठीही होती, आणि केदार जाधव त्यात समालोचन करता करता मोसमाच्या मध्येच एका संघात खेळायला गेला. त्या समालोचनात मोकळेपणा आणि उत्साह आहे. पण म्हणी आणि चित्रपटांतील संवाद पेरण्याच्या भरात गोलंदाजाने टप्पा कधी बदलला हे सांगायचे राहून जाते, अशी माझी तक्रार आहे. मराठीत बोलणे ही सुरुवात झाली. मराठीत पाहणे आणि पाहिलेले सांगणे अजून बरेच बाकी आहे. आपण आवाज बंद न करता एखाद्या संध्याकाळी तो पुन्हा लावून पाहावा आणि जे खटकते ते प्रक्षेपण कंपनीला पत्राने कळवावे. शिक्षकाने काढलेल्या चुका वाचल्या जातात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नये. स्त्रियांनी क्रिकेट खेळावे, त्याला माझा विरोध नाही. पण समालोचनाला त्यांचा आवाज जुळत नाही, उत्कंठेच्या क्षणी तो चिरका होतो. यात पक्षपात नाही, कानाला जे वाटते ते सांगतो आहे.
— एक वाचक, मिरज

उत्तर : राग मानलेला नाही. असे वाटणारे बरेच आहेत आणि त्यांतील थोडेच आपल्यासारखे लिहून कळवतात, म्हणून सविस्तर उत्तर देते.

पुरुषाच्या बोलण्याच्या आवाजाची मूळ कंपने सेकंदाला साधारण १२० च्या आसपास असतात आणि स्त्रीच्या आवाजाची साधारण २०० च्या आसपास. उत्कंठेच्या क्षणी दोघांचाही आवाज वर चढतो. शारजात १९९८ साली सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेल्या फटकेबाजीच्या वेळी समालोचक टोनी ग्रेग यांचा आवाज किती चढला होता, ते आपण ऐकले असेल. तो चढलेला आवाज लोक आजही प्रेमाने ऐकतात. म्हणजे चढण्याला आपली हरकत नाही, कोणाचा चढतो याला आहे. आपण दशकानुदशके उत्कंठा पुरुषाच्या आवाजात ऐकत आलो, त्यामुळे कानाला तीच चाल ठाऊक झाली. कानाला जे वाटते ते खरेच वाटते, हे मला मान्य आहे. पण कान सवयीने घडतो, आणि तो पुन्हा घडवता येतो.

आणि हे आपण मिरज-सांगलीत बसून बोलत आहोत. आशा भोसले यांचा जन्म या सांगलीचा. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य मिरजेचे आणि तिथल्या दर्ग्यात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. सांगली आकाशवाणीच्या निवेदिकांच्या आवाजाने इथल्या हजारो घरांची सकाळ सुरू झाली आणि शेतीचा सल्ला, बाजारभाव, हवामान हे सारे त्या आवाजांवर विश्वास ठेवून ऐकले गेले. आवाज तापवावा कसा, खर्जातून उचलावा कसा, श्वास कुठे घ्यावा, हे ज्या गावातल्या तंबोऱ्यांना ठाऊक आहे, त्या गावात स्त्रीचा आवाज जुळत नाही असे कोणी म्हटले, की मला वाईट वाटते. समालोचनातही तोच रियाझ आहे. षटकाच्या सुरुवातीला आवाज खाली ठेवला, तर शेवटच्या चेंडूसाठी वर जायला जागा राहते. ज्यांनी पहिल्याच चेंडूला टिपेचा सूर गाठला, ते पुरुष असोत की स्त्रिया, त्यांचा आवाज फाटतोच.

ही नवी गोष्टही नाही. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांच्या कन्या चंद्रा नायडू इंदूरला इंग्रजी शिकवीत असत, आणि त्यांनी १९७० च्या दशकात क्रिकेटचे समालोचन केले. भारतातील पहिल्या महिला समालोचक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्यानंतर ही वाट रुंद व्हायला हवी होती, ती कितीतरी वर्षे तशीच राहिली. पुढे २००३ च्या विश्वचषकात मंदिरा बेदी हिने टीव्हीवरील कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केले, तेव्हा चर्चा झाली ती तिच्या प्रश्नांपेक्षा तिच्या पोशाखाची. घरातल्या ज्या प्रेक्षकाला लेग बाय म्हणजे काय हे विचारायला संकोच वाटत होता, त्याचे प्रश्न ती विचारीत होती, आणि हे काम सोपे नाही. त्याच वेळी एक घोटाळाही झाला : सूत्रसंचालन आणि समालोचन या दोन गोष्टी लोकांच्या मनात एक झाल्या, आणि स्त्री म्हणजे सामन्याआधी व सामन्यानंतर दिसणारी, असे ठरून गेले. विश्रामबागच्या विद्यार्थिनीला मिळालेले उत्तर त्याच समजुतीचे आहे.

मोजमाप मात्र सर्वांना एकच असावे, हे आपण म्हणालात तर मी आपल्या बाजूने उभी राहीन. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत ईसा गुहा हिने जसप्रीत बुमराहचे कौतुक करताना एक अनुचित शब्द वापरला. त्यावर टीका झाली, ती योग्य होती. दुसऱ्या दिवशी तिने थेट प्रक्षेपणात माफी मागितली. चूक झाली तर अशीच दुरुस्त करावी, आणि ज्या पुरुष समालोचकांकडून अशा चुका होतात त्यांच्याकडूनही आपण हेच मागावे.

प्रश्न : क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने २०२१ मध्ये ‘बॅट्समन’ऐवजी ‘बॅटर’ हा शब्द स्वीकारला. मराठीत आपण काय म्हणावे? ‘महिला फलंदाज’, ‘सामनावीर’ हे शब्द वर्गात वापरताना मुली हसतात.
— एक मराठी शिक्षिका, तासगाव

उत्तर : बाई, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण इथे मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. गोलंदाज हा शब्द फारसीतून आला. मुळात तो तोफखान्यात गोळे डागणारा शिपाई. त्याच धर्तीवर फलंदाज तयार झाला. या दोन्ही शब्दांत ‘पुरुष’ कुठेही दडलेला नाही. कर्णधार, पंच, यष्टिरक्षक, सलामीची जोडी यांचेही तसेच आहे. आपल्याकडे लिंग क्रियापदात दिसते : ‘फलंदाज बाद झाला’, ‘फलंदाज बाद झाली’. एवढ्याने सगळे स्पष्ट होते. सामना महिलांचा आहे हे एकदा सांगितल्यावर प्रत्येक वाक्यात ‘महिला फलंदाज’, ‘महिला गोलंदाज’ म्हणणे म्हणजे प्रत्येक वेळी ती अपवाद असल्याची आठवण करून देणे होय. ‘मेडन ओव्हर’ला आपण निर्धाव षटक म्हणतो, हेही मला अधिक नेमके वाटते, कारण त्या षटकात काय घडले ते शब्दच सांगतो.

‘सामनावीर’ मात्र अडतो. ‘सामन्याची मानकरी’ हा शब्द आपल्या बोलण्यात आधीपासून आहे, तो वापरावा. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ८७ धावा करणारी शफाली वर्मा सामन्याची मानकरी ठरली, असे म्हटले तर कुणी हसणार नाही. ‘नाइटवॉचमन’साठी ‘रात्रीचा रखवालदार’ असल्या शब्दशः भाषांतरांच्या मागे मात्र लागू नये. बोलण्यात जे रुळलेले नाही ते समालोचनात पाय अडकवते.

आणखी एक गोष्ट मुलींना दाखवून द्यावी. बातमी देताना आपण ‘कोहलीचे शतक’ म्हणतो आणि ‘स्मृतीचे शतक’ म्हणतो. सचिन, रोहित यांनाही आपण नावाने हाक मारतो हे खरे, त्यामुळे यात प्रेम असते हे मी नाकारत नाही. पण एकाच सामन्याच्या वर्णनात गोलंदाज स्त्रिया नावाने आणि त्यांचे प्रशिक्षक पुरुष आडनावाने येऊ लागले, तर कान टवकारावेत. ‘पोरींनी मैदान मारले’ हे विजयानंतर चहाच्या टपरीवर म्हणायला गोड आहे. माइकवर त्या खेळाडू आहेत.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. टीव्हीचा आवाज बंद करून ती स्वतःच समालोचन करीत बसते. तिला कुठे शिकायला पाठवावे का?
— एक पालक, कराड

उत्तर : सध्या कुठेही पाठवू नये, तिचे शिक्षण सुरू झालेले आहे. एवढेच करावे, की टीव्हीऐवजी तिला जवळच्या मैदानावर न्यावे, कारण पडद्यावर कॅमेरा जे दाखवतो तेवढेच दिसते आणि क्षेत्ररक्षण कसे लावले आहे ते दिसत नाही. तिला एक षटक मोबाइलवर बोलून ध्वनिमुद्रित करू द्यावे. घरी आल्यावर तुम्ही कागदावर एक मोठा गोल काढावा, मध्ये खेळपट्टीची रेघ ओढावी, आणि ते ध्वनिमुद्रण ऐकत सहाही चेंडू कुठे गेले तिथे पेन्सिलीने खुणा कराव्यात. मग तो कागद तिच्यापुढे ठेवावा. ज्या चेंडूची खूण तुम्हाला करता आली नाही, तो चेंडू तिने पुन्हा सांगावा.